परजीवी सीमा ओलांडतो, माहिती अडते

थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या जंगलात कामाला गेलेला मजूर ताप घेऊन गावी परततो, तेव्हा त्याच्या रक्तातला हिवतापाचा परजीवीही सोबत येतो. त्या परजीवीवर कोणते औषध चालत नाही, ही माहिती मात्र अनेकदा अलीकडच्या देशाच्या दप्तरातच राहते. औषधांना न जुमानणाऱ्या हिवतापाशी लढताना आग्नेय आशियाला नडते ते हेच अंतर.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. क्लोरोक्विनला दाद न देणारा परजीवी १९५०च्या दशकाअखेर याच सीमाभागात आढळला. दोन दशकांत तो आफ्रिकेत पोहोचला आणि तिथे हिवतापाने होणारे बालमृत्यू वाढले. त्यानंतर आधार ठरले ते आर्टेमिसिनिन. त्याच्या शोधासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५मध्ये नोबेल मिळाले. हे औषध एकटे देत नाहीत. आर्टेमिसिनिन बहुतेक परजीवी झटपट मारते आणि शरीरात जास्त काळ टिकणारे जोडीचे औषध उरलेल्यांचा बंदोबस्त करते.

पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिनचा परिणाम मंदावल्याचे २००८-०९मध्ये समोर आले. २०१४मध्ये त्यामागचे ‘केल्च १३’ जनुकातील बदल सापडले. त्यामुळे कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतूनही प्रतिकाराचा माग काढता येऊ लागला. पुढे जोडीचे पिपेराक्विनही निकामी होऊ लागले. कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाममधले नमुने एकत्र तपासले, तेव्हा २०१९मध्ये स्पष्ट झाले की या अपयशांमागे प्रामुख्याने एकच वंश आहे. तो पश्चिम कंबोडियातून शेजारी देशांत पसरला होता. प्रत्येक देशाने फक्त आपले आकडे पाहिले असते, तर ती स्थानिक अडचण वाटली असती.

अशा माहितीचा उपयोग थेट रुग्णाच्या गोळीपर्यंत पोहोचतो. पिपेराक्विन हरल्यावर कंबोडियाने जोडीला मेफ्लोक्विन घेतले आणि रुग्ण पुन्हा बरे होऊ लागले. शेजाऱ्याला हे वेळीच कळले, तर तो निकामी औषधाचा साठा करत नाही.

मेकाँग खोऱ्यातील देश आता जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने रुग्णांची माहिती एका सामाईक व्यवस्थेत देतात. मात्र महिन्याची बेरीज पुरेशी नाही. संसर्ग कुठे झाला, कोणते औषध दिले, तिसऱ्या दिवशीही रक्तात परजीवी होते का, हे कळावे लागते. तेही लवकर. चीनने एका दिवसात नोंद, तीन दिवसांत तपास आणि सात दिवसांत उपाय अशी शिस्त लावली. २०२१मध्ये तो देश हिवतापमुक्त घोषित झाला.

अडचणी तंत्रज्ञानापेक्षा विश्वासाच्या आहेत. सरकारांना बदनामीची धास्ती असते, तर संशोधकांना शोधनिबंध छापून येईपर्यंत आकडे हातचे सोडायचे नसतात. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला दवाखान्यातली नोंद पोलिसांपर्यंत जाण्याची भीती वाटते. म्हणून नाव-पत्ता वगळणे हा या व्यवस्थेचा पायाच असायला हवा. त्यातच म्यानमारमध्ये २०२१च्या लष्करी उठावानंतर आरोग्यसेवा कोलमडली, रुग्ण वाढले आणि त्याची झळ थायलंडच्या सीमाभागालाही बसली.

म्यानमार हा भारताचाही शेजारी आहे. देशात क्लोरोक्विनला प्रतिकार प्रथम १९७३मध्ये आसामात आढळला होता. ईशान्येत आर्टेमिसिनिनच्या जोडीचे औषध कमी पडू लागल्यावर २०१३मध्ये तिथल्या राज्यांसाठी वेगळी जोडी ठरवावी लागली. त्यामुळे सीमेपलीकडे काय घडते आहे, हे ईशान्येतल्या डॉक्टरला कळणे चैनीचे नाही.

आता रवांडा, युगांडा आणि इरिट्रियातही आर्टेमिसिनिनला प्रतिकार करणारे परजीवी आढळले आहेत. ते आग्नेय आशियातून गेलेले नाहीत, तिथेच उपजलेले आहेत. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत आणि आर्टेमिसिनिनच्या तोडीचा पर्याय अजून सर्रास हाती नाही. नवे औषध येईपर्यंत आहे ते टिकवायचे, तर ते कुठे कमी पडते आहे हे शेजाऱ्याला आजच सांगावे लागेल.