नाताळ सरल्यावर तरुण संघाचे काय?

आज नाताळ. घाटावर थंडी पडली आहे, कापसाची वेचणी सरत आली आहे आणि हरभरा फुलावर आहे. बुलढाण्यापासून जवळच, पैनगंगेच्या काठी देऊळघाट हे जुने गाव आहे. त्याच्या नावातच देऊळ आहे. तिन्हीसांजेला तेथे मशिदीची बांगही ऐकू येते. नाताळ हा अशा गावातील बहुसंख्यांचा सण नव्हे. या पंचक्रोशीतील ख्रिस्ती कुटुंबे थोडी व विखुरलेली, आणि उपासनेसाठी त्यांची वाट बहुधा बुलढाण्याकडे वा चिखलीकडे वळते. तरीही या आठवड्यात एक सुखद दृश्य आमच्या जिल्ह्यात पाहावयास मिळते. एरवी ज्यांची उपासनामंदिरे निराळी, पाळक निराळे आणि वर्गणीच्या वह्याही निराळ्या, अशा मंडळ्यांतील तरुण-तरुणी एकत्र जमून नाताळची गाणी गात दारोदार फिरतात. पेटी एका मंडळीची असते, ढोलकी दुसरीची. गाणे मात्र सर्वांचे असते.

हे दृश्य पाहून मन प्रसन्न होते. परंतु त्या प्रसन्नतेबरोबर एक प्रश्नही उभा राहतो, आणि तो सणाच्या दिवशीच विचारणे आम्हांस उचित वाटते. नववर्षाची उपासना आटोपली की या तरुणांचे काय होते? उत्तर सर्वांस ठाऊक आहे. पेटी आपल्या मंदिरात जाते, ढोलकी आपल्या मंदिरात जाते, आणि मुले पुढील डिसेंबरपर्यंत एकमेकांस केवळ लग्नकार्यात भेटतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याच परिसरात काही मंडळ्यांच्या तरुणांनी मिळून एक संघ काढला होता. त्या मंडळ्यांची नावे सांगण्यात अर्थ नाही. दोष कोणा एकीचा नव्हता आणि त्यात आमचाही वाटा होता. नाताळचे नाटक उत्तम वठले. पाहणाऱ्यांनी आनंदाने पैसे दिले. मग फलकावर कोणत्या मंडळीचे नाव आधी यावे यावरून कुरबूर सुरू झाली आणि जमलेल्या पैशांची वाटणी कशी करावी हे ठरविण्यासाठी वडीलधाऱ्यांची बैठक बसली. त्या बैठकीत आम्हीही होतो, आणि आपल्या मंडळीचा वाटा सोडू नये असेच मत आम्हीही दिले. ज्या मुलांनी रात्री जागून ते पैसे जमविले होते, त्यांना कोणीच काही विचारले नाही. पुनरुत्थानाचा सण येईपर्यंत संघ मोडला होता. त्यातील बहुतेक मुले पुढे शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली. आता ती नाताळास घरी येतात, मागच्या बाकावर बसतात आणि उपासना संपताच निघून जातात. त्यांच्याकडे पाहताना त्या बैठकीची आठवण आम्हांस आजही बोचते.

या भिंती आल्या कोठून, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात निरनिराळी मिशने आली. एकाच्या कामावर दुसऱ्याने काम उभारू नये म्हणून त्यांनी मुलूख वाटून घेतला. घाटाखालचे मलकापूर, खामगाव आणि पुढचे अकोला, अमरावती ही क्षेत्रे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे राहिली. घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर आणि कालांतराने वाशीम ही नाझरीन मंडळीकडे. यवतमाळ, वणी हा भाग फ्री मेथॉडिस्टांकडे. पुढे १९५५ साली रोमन कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला आणि बुलढाणा जिल्हाही त्यात आला. प्रॉटेस्टंट मिशनांची ही क्षेत्रवाटणी त्या काळी सोयीची होती, शहाणपणाचीही होती. माणसे थोडी, साधने थोडी, गावे अनेक. भांडण टाळण्याचा तो सभ्य मार्ग होता. परंतु तिचा परिणाम असा झाला की, आजोबांचे घर कोणत्या तालुक्यात होते यावरून नातवाची मंडळी ठरली. सिद्धांतांचा सूक्ष्म विचार करून घाटाखालचा मनुष्य अलायन्सचा झाला आणि घाटावरचा नाझरीन, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल काय? जी रेषा कामाच्या सोयीसाठी नकाशावर ओढली गेली, ती पुढच्या पिढ्यांनी श्रद्धेची सीमा मानली. आमची पैनगंगा मेहकरावरून वाशीम-यवतमाळच्या बाजूस वाहत जाते. वाटेत कोणाचे क्षेत्र संपले आणि कोणाचे सुरू झाले हे ती विचारीत नाही.

आज तर ती वाटणीही व्यवहारात उरलेली नाही. मुलगी खामगावची, नोकरी बुलढाण्यास आणि सासर मेहकरास, हे आता नेहमीचे झाले आहे. मोठ्या शहरात एका मंडळीचे शंभर तरुण सहज भेटतील. येथे मात्र एकेका मंडळीच्या वाट्यास जेमतेम पाच-सात तरुण येतात, आणि त्यातून दोन परीक्षेस बसले व एक नोकरीवर गेला की संघ संपतो. शहरात एकत्र येणे हा उत्साहाचा भाग असेल. देऊळघाटासारख्या गावांच्या पंचक्रोशीत तो टिकाव धरण्याचा प्रश्न आहे.

एकत्र येण्याची परंपरा आमच्या विदर्भास अपरिचित आहे असेही नाही. १९५३ साली यवतमाळ येथे अनेक मंडळ्यांनी मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी केली. ती १९८३ साली पुण्यास गेली, पण तीन दशके निरनिराळ्या मंडळ्यांचे भावी पाळक यवतमाळच्या एकाच आवारात शिकले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावे बाजूस ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. आमच्या भागातील अलायन्स व नाझरीन मंडळ्या त्या ऐक्यात नव्हत्या, हे खरे. परंतु पाळक एकत्र शिकू शकतात, मंडळ्या एकत्र नांदू शकतात, तर एका तालुक्यातील विशी-पंचविशीची मुले वर्षभर एकत्र काम करू शकणार नाहीत, हे आम्हांस पटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर १९१७ सालीच ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही त्यात आसन दिले. त्यांची गीते आज निरनिराळ्या मराठी मंडळ्यांत गायिली जातात; गाताना कोणी त्यांची मंडळी विचारीत नाही.

तरुणांच्या चळवळींचा इतिहासही हेच सांगतो. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातील तरुण नोकराने निरनिराळ्या मंडळ्यांतील सोबत्यांना घेऊन वाय.एम.सी.ए. सुरू केली. १८८१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी ख्रिश्चन एन्डेव्हर ही तरुणांची मंडळी काढली. तिचे मर्म असे की, सभेत कोणी नुसता श्रोता राहावयाचा नाही. प्रत्येकाकडे काही ना काही काम सोपवावयाचे. आपल्या देशात १९०५ साली, बरोबर नाताळच्याच दिवशी, श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधील. संस्थापकांत अग्रभागी असलेले व्ही. एस. अझरया हे तेव्हा वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते होते व त्यांचे वय एकतीस होते, के. टी. पॉल तर तिशीच्याही आतले. निरनिराळ्या मंडळ्यांच्या या तरुणांनी ठरविले की माणसे आपली, पैसा आपला आणि व्यवस्थाही आपलीच असावी. या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तरुणांना तेथे गाण्यापुरते बोलावले गेले नाही; त्यांच्या हाती कारभार होता. आमचा संघ नेमका याच ठिकाणी मोडला.

वडीलधाऱ्यांच्या मनातील शंका आम्ही जाणतो. मुले एकत्र आली तर आपली मंडळी सोडून जातील, शिकवणुकीत गोंधळ होईल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की कळत्या वयात, प्रभुभोजनाचा अर्थ काय, यांवर मंडळ्यांत खरे मतभेद आहेत आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्कार व शिकवण ज्या त्या मंडळीकडे राहोत. परंतु आजाऱ्याची विचारपूस करणे, दहावीच्या मुलास गणित समजावून देणे, एकाकी वृद्धेचे औषध आणून देणे, यांत कोणत्या मंडळीचा सिद्धांत आड येतो? आणि मुले जातील या भीतीस आमचे उत्तर इतकेच की, मुले आताच जात आहेत. ती शेजारच्या मंडळीत जात नाहीत. ती कोठेच जात नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह अनेक देशांत १८ ते २५ जानेवारी या दिवसांत पाळला जातो. नाताळानंतर तो लगेच येतो. गाण्यासाठी जमलेल्या तरुणांनी त्या सप्ताहात पुन्हा जमावे आणि वर्षाचे काम ठरवावे. प्रत्येक मंडळीने वर्षारंभी, जमेल तेवढी पण निश्चित रक्कम संघाच्या स्वतंत्र थैलीत घालावी. ती परत मागू नये आणि तिचे वाटे करू नयेत. खजिनदार दरवर्षी निराळ्या मंडळीचा असावा, हिशेब दरमहा सर्वांसमक्ष वाचला जावा. वडिलांनी तो जरूर तपासावा. खर्च कशावर करावयाचा हे मात्र मुलांना ठरवू द्यावे. फलकावर मंडळ्यांची नावे नकोतच. गावाचे नाव पुरे.

दुसरे असे की, महिन्याची सभा नेहमी शहरातील मोठ्या मंदिरातच भरू नये. कधी ती घाटाखाली जावी, कधी घाटावर यावी, आणि जेथे एकच ख्रिस्ती घर असेल त्या गावी, त्या घराच्या अंगणात, आवर्जून भरावी. आजवर त्या घराने शहराची वाट तुडविली. वर्षातून एकदा शहराने त्या अंगणात जाऊन बसावे. एका कुटुंबातील दोन मुलांना आपण एकटे नाही असे वाटले, तर त्या फेरीचे भाडे वसूल झाले असे आम्ही मानू.

तिसरी गोष्ट परगावी जाणाऱ्यांची. जून महिन्यात जो मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडेल, त्याची नोंद संघाने ठेवावी आणि तेथील ओळखीच्या मंडळीस, मग ती कोणतीही असो, आधी कळवावे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. एका निरोपाने हे साधते. अनोळखी शहरातील पहिल्या रविवारी कोणी नाव घेऊन हाक मारली, तर तो तरुण मागच्या बाकावरून उठून पुढे येईल.

आणि अखेरची गोष्ट गावाविषयी. संघाच्या अभ्यासवर्गात केवळ ख्रिस्ती मुलेच बसावीत असे होऊ नये. देऊळघाटासारख्या गावी हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी सर्व मुले एकाच शाळेत शिकतात व एकाच परीक्षेस बसतात. त्यांच्यासाठी लावलेल्या दिव्यामागे आपली संख्या वाढविण्याचा हिशेब नसावा. सेवा ही सेवाच असावी. शेजाऱ्यालाही तिच्यातला प्रामाणिकपणा अचूक कळतो.

पहिल्या नाताळची कथा आठवा. मेंढपाळ जवळच्याच रानातून आले, ज्ञानी लोक पूर्वेकडील दूर देशातून आले. त्यांच्या वाटा निराळ्या होत्या, बोली निराळ्या होत्या. गव्हाणीपाशी पोहोचल्यावर आधी कोणाचे नाव घ्यावे असा वाद त्यांच्यात झाल्याचे कोठे लिहिलेले नाही. आज रात्री गाणाऱ्या मुलांची पेटी व ढोलकी उद्या पुन्हा आपापल्या मंदिरांत जातील, त्याला आमची हरकत नाही. मुले मात्र जानेवारीत पुन्हा एकत्र जमोत; आणि त्यांची पहिली बैठक होईल तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी दाराबाहेर थांबण्याचा संयम दाखवावा.

सर्व वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.