नव्वद नंबरचं तेल

"साहेब, नव्वद नंबर टाकू ना?" परवा जीपच्या डिफरन्शियलचं तेल बदलताना मेकॅनिकने विचारलं. पण नव्वद म्हणजे नुसता दाटपणा! क्राऊन-पिनियनचे हायपॉइड दाते फिरता फिरता एकमेकांवर घासतही सरकतात. तिथे जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. जीएल-४ घातलं तर दाते लवकर झिजतात. उलट तेच जीएल-५ सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर त्यातल्या गंधक-फॉस्फरसमुळे पितळी सिंक्रोनायझर रिंगा खराब होऊ शकतात. म्हणजे 'भारीतलं टाका' हेही चूकच. माझं मत विचाराल तर दुकानदाराच्या आधी गाडीचं मॅन्युअल विचारावं. आपण ते जपून ठेवतो, उघडत मात्र नाही.

असो. माझं मी परवाच पहिल्यांदा उघडलं... गाडी घेऊन अकरा वर्षं झाली!