जुन्या कॉम्प्युटरला आधी काय बदलावं?

सावलीसारख्या गावातून बिघडलेला कॉम्प्युटर गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला न्यायचा, तर तिथे ‘नवाच घ्या’ हे ऐकावं लागतं. मशीन दहा-बारा वर्षांचं असलं तरी आम्ही म्हणू, घाई नको.

प्रोसेसरच्या मागे लागण्याआधी हार्ड डिस्क बदला. जुन्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, तरी माहिती शोधत बसते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. अडीच इंची साटा एसएसडी जुन्याच केबलला लागते. मात्र त्याआधी निकाहाचे फोटो, सातबारा, मुलांचे दाखले दुसरीकडे उतरवून घ्या. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरीही!

प्रोसेसरचं गणित वेगळं. ११५५ सॉकेटच्या बोर्डावर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री काढून तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह बसू शकतो, पण बोर्डाच्या बायोसने तो ओळखायला हवा. चौथ्या पिढीचा तिथे बसतच नाही, त्याला ११५० सॉकेट लागतं. बदललाच तर थर्मल पेस्ट नवी लावून घ्या.

विंडोज ११ साठी हा खर्च करणार असाल, तर थांबा. इंटेलच्या बाबतीत त्याची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकता येतं. ते फुकट आहे, आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही टाइप होतं.