उभ्या गाडीचे तेल : किलोमीटर नव्हे, कॅलेंडर पाहा

आमच्या जुन्या व्यवहारातल्या एका आडत्यांच्या घरी लाल रंगाची एक स्पोर्ट्‌स कार आहे. सॅन स्टॉर्म तिचे नाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ही गाडी तयार होऊ लागली. दोनच माणसे बसतील एवढी, बॉडी फायबरची आणि इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, ११४९ सीसीचे. आता ती बनत नाही, म्हणून ज्यांच्याकडे आहे ते जीव लावून सांभाळतात. आमचे आडते तिला वर्षातून आठ-दहा वेळा बाहेर काढतात. वर्षाचे किलोमीटर ४०० च्या वर जात नाहीत.

मे महिन्यात त्यांच्याकडे वसुलीच्या निमित्ताने गेलो, तर अंगणात वाद रंगला होता. मालकांचे म्हणणे, "डब्यावर १०,००० किलोमीटर लिहिले आहे. गाडी वर्षाला ४०० चालते. म्हणजे पंचवीस वर्षे तेलाला हात लावायचे कारण नाही." मिस्त्री म्हणत होता, "शेठ, उभी गाडी जास्त खराब होते. दर तीन महिन्यांनी बदली करा." मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "चाचा, आता तुम्हीच सांगा."

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनातले आम्हाला काय कळणार, असे कोणीही म्हणेल. पण या विषयाची फी आम्ही पूर्ण भरून चुकलो आहोत. म्हणून मालक आणि मिस्त्री दोघेही चुकत आहेत, हे सांगायला आम्हाला संकोच वाटला नाही. त्या दिवशी तोंडी सांगितले तेच आज व्यापारी व कारागीर बांधवांसाठी लिहीत आहोत. स्पोर्ट्‌स कार आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल. पण क्वचित चालणारे इंजिन प्रत्येकाकडे आहे. कोणाचा जनरेटर, कोणाचा हंगामापुरता टेम्पो, कोणाची वडिलांच्या वेळची स्कूटर.

आमची फी कशी भरली गेली ते आधी सांगतो. २००५ नंतर महाराष्ट्रात लोडशेडिंगने कहर केला. माग तासन्‌तास बंद राहू लागले, तेव्हा आम्हीही कारखान्यासाठी एक डिझेल जनरेटर घेतला. काही वर्षे त्याने इमाने इतबारे काम केले. पुढे वीज सुधारली आणि जनरेटर कोपऱ्यात गेला. २०१४ साली त्याचे तेल बदलले, त्यानंतर नाही. आम्ही त्याच्याकडे अगदीच दुर्लक्ष केले असे मात्र नव्हते. वॉचमनला ताकीद होती की आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून बंद करायचा. आवाज ऐकला की आम्हाला समाधान वाटे. मशीन जिवंत आहे, आपली देखभाल चोख आहे.

एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आली आणि लोडशेडिंग पुन्हा सुरू झाले. लग्नसराईचा आणि ईदचा माल मागावर होता. जनरेटर चालू केला, सगळा लोड दिला आणि दुसऱ्या दिवशी खडखडाट होऊन तो बंद पडला. मिस्त्रीने चेंबर खोलले. आत काळा, दह्यासारखा घट्ट गाळ. बेअरिंगवर किडीने खाल्ल्यासारखे खड्डे. क्रँक ग्राइंडिंगला गेली, नवी बेअरिंग आली, मजुरी वेगळी आणि माल उशिरा गेल्याने गिऱ्हाइकाची नाराजी त्याहून वेगळी. सात लिटर तेल आणि एक फिल्टर वाचवायला गेलो होतो. दात कोरून पोट भरत नाही ते असे.

आता हिशेब पाहा. आठवड्याला पाच मिनिटे, म्हणजे आठ वर्षांत जेमतेम पस्तीस तास. पुस्तकात तेल बदलण्याची मर्यादा २५० तासांची होती. तासांच्या मीटरप्रमाणे आम्ही निर्दोष ठरतो. पण त्या पस्तीस तासांत इंजिन चारशेपेक्षा जास्त वेळा थंड असताना चालू झाले आणि गरम होण्याआधी बंद झाले. खरी मेख इथे आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ऐकायला नवल वाटते, पण थंडीच्या सकाळी गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब पडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. ते हेच पाणी. डिझेलचीही तीच गोष्ट. यातली बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरते. तिच्यासोबत थोडे न जळलेले इंधन आणि जळण्यातून निघालेले आम्लही उतरते. इंजिन नीट गरम झाले, तेल शंभर अंशांच्या आसपास काही वेळ राहिले, तर पाणी आणि इंधन उडून जाते. पाच मिनिटांत ते होत नाही. काट्यावर पाणी गरम झालेले दिसते, पण खालचे तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दर आठवड्याला थोडे थोडे पाणी साठते, आम्ल साठते. तेलात आम्ल मारण्यासाठी क्षारयुक्त द्रव्ये घातलेली असतात. ती हळूहळू खर्ची पडतात. ती संपली की आम्ल बेअरिंगच्या धातूवर बसते. माग बंद असला तरी व्याज चालू राहते, तसे हे आहे.

काही बांधव विचारतात, तेल काय दूध आहे काय नासायला? डब्यात तर वर्षानुवर्षे टिकते. बरोबर आहे. सीलबंद डब्यात तेल काही वर्षे चांगले राहते, कारण तिथे पाणी नाही, धूर नाही, इंधन नाही. इंजिनात एकदा ओतले आणि ते चालवले की ही तिन्ही आत शिरतात. आपल्या धंद्यातलेच पाहा. गोदामात पडलेले थान कोणी नेसले नाही, धुतले नाही, म्हणून ते नवे राहते काय? दोन पावसाळे गेले की घडीवर पिवळी रेघ येते आणि भाव निम्मा होतो. तेलाचे तसेच आहे. न वापरणे म्हणजे जपणे नव्हे.

महागडे सिंथेटिक तेल घातले की सुटलो, असेही काही जण मानतात. सिंथेटिक तेल उष्णतेने लवकर बिघडत नाही हे खरे. पण पाणी आणि इंधन बाहेरून येते, ते तेलाचा भाव विचारून आत शिरत नाही.

मग मिस्त्रीचे तीन महिने बरोबर मानायचे काय? तेही नाही. मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याने हा नियम आपल्या उस्तादाकडून घेतला आणि उस्तादाच्या काळात तो शहाणपणाचा होता. १९९० च्या दशकात आपल्या डिझेलमध्ये गंधक आजच्या शेकडो पट होते आणि गंधक जळले की तिखट आम्ल बनते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. ६ इंधन आले. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग. तेलेही त्या काळापेक्षा पुष्कळ सुधारली. आज तीन महिन्यांनी चांगले तेल काढून फेकणे म्हणजे वर्षाला तीन डबे नाल्यात ओतणे. इंजिनाला त्याचा काडीचा फायदा नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. क्वचित चालणाऱ्या गाडीचे तेल वर्षातून एकदा बदलावे, मग ती ४०० किलोमीटर चालो की ४,०००. हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. इटलीची फेरारी कंपनी आपल्या गाड्यांची सर्व्हिस २०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा करायला सांगते, जे आधी होईल ते. ज्यांच्या गाड्या बहुतेक वेळ गॅरेजमध्येच उभ्या असतात, त्यांनाच वर्षाची अट घालावी लागते. आपल्या जनरेटरच्या आणि टेम्पोच्या पुस्तकातही 'तास किंवा महिने', 'किलोमीटर किंवा महिने' असेच छापलेले असते. आपण पहिला आकडा वाचतो आणि दुसरा सोडून देतो. ज्यांची गाडी प्रत्येक फेरीत तीस-चाळीस किलोमीटर सलग धावते आणि कोरड्या जागी उभी राहते, त्यांना दोन वर्षेही चालतील असे म्हणणारे जाणकार आहेत. पण एका डब्यासाठी इंजिन पणाला लावण्यात आम्हाला व्यापार दिसत नाही.

वर्षातून एकदा, पण केव्हा? आमच्या मते मे महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे अशा गाड्या जून ते सप्टेंबर उभ्याच असतात. जनरेटरचेही काम उन्हाळ्यात जास्त आणि मग सुट्टी. पुष्कळ लोक पावसाळा सरल्यावर, गाडी बाहेर काढताना तेल बदलतात. हे उलटे झाले. जुने, आम्ल झालेले तेल चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायचे आणि मग नवे घालायचे! इंजिन झोपण्याआधी त्याच्या पोटात स्वच्छ तेल असावे. बदलण्याआधी गाडी अर्धा तास चालवून आणावी, म्हणजे गाळ गरम तेलाबरोबर वाहून जातो. फिल्टर त्याच वेळी बदलावा. नवे तेल घातल्यावर इंजिन थोडे फिरवावे आणि फिल्टरवर मार्करने तारीख लिहावी. तोंडी हिशेब राहत नाही.

पाच मिनिटांची सवय मात्र आजच सोडा. चालवायचे तर नीट चालवा, नाही तर बंद राहू द्या. गाडी महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी. जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास, पण लोड देऊन चालवावा. संकटकाळी लागणाऱ्या जनरेटरसाठी अमेरिकेत एनएफपीए ११० नावाचे मानक आहे. त्यात डिझेल जनरेटर दरमहा ३० मिनिटे, निदान ३० टक्के लोडवर चालवावा असे आहे. लोडशिवाय चाललेल्या डिझेल इंजिनात इंधन पुरते जळत नाही आणि काजळी धरते.

डिपस्टिक बघायला शिका. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले असे नाही. डिझेल इंजिनात नवे तेल काही तासांतच काळे पडते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. पण तेल दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर पाणी शिरले समजा. पातळी घटण्याऐवजी वाढली तर इंधन मिसळते आहे. दोन्ही वेळी मिस्त्रीला लगेच बोलवा. डबा ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन आणा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी फोडा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचा माल भरणार नाही.

शेवटी जळक्या तेलाविषयी. आमचे कारागीर बांधव ते मागाच्या साच्यांना लावतात, काही जण त्याने हातही धुतात. हे तेल कातडीला घातक आहे आणि कापडावर पडलेला त्याचा डाग सहसा निघत नाही. ते गटारातही ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था करावी.

आडत्यांच्या गाडीचे काय झाले? त्याच संध्याकाळी ती अर्धा तास फिरवून आणली आणि मिस्त्रीने चेंबरचा बोल्ट खोलला. तीन वर्षांचे तेल निघाले. त्याला इंधनाचा वास येत होता, पण गाळ नव्हता. वेळेवर जाग आली. मालकांनी तारीख आमच्या समोर लिहिली. वसुली मात्र त्या दिवशी झाली नाही, तिची वेगळी तारीख मिळाली.

आपण व्यापारी माणसे चालत्या मालाचा रोज हिशेब करतो आणि पडलेल्या मालाकडे पाठ फिरवतो. पण अडचणीच्या दिवशी आधार पडलेल्या जनरेटरचाच असतो. वर्षातला एक दिवस त्याच्यासाठी काढा. आम्ही आठ वर्षे काढला नाही, म्हणून हे लिहिण्याची वेळ आली.