श्राव्य पुस्तक, कृत्रिम आवाज आणि लेखकाचे उत्तरदायित्व

छापील पुस्तक श्राव्य करायचे तर आजवर निवेदक आणि ध्वनिमुद्रणकक्ष यांची गरज असे. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला हा खर्च बहुधा पेलत नसे. जानेवारी २०२३ मध्ये ॲपलने इंग्रजी पुस्तकांसाठी यंत्रनिर्मित आवाज उपलब्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतील निवडक स्वयंप्रकाशक लेखकांना प्रायोगिक स्वरूपात तशीच सोय दिली. मराठी बोलणारे कृत्रिम आवाजही आज उपलब्ध आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारी आलेलाच आहे.

या सोयीला सरसकट नाक मुरडणे अनुचित होय. ज्या पुस्तकाचे श्राव्य रूप एरवी निघालेच नसते, ते दृष्टिहीन विद्यार्थ्याला तिच्यामुळे मिळू शकते. तथापि पठण म्हणजे अक्षरांचे ध्वनींत केवळ रूपांतर, हे गृहीतक मान्य करता येत नाही. नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाच्या संदर्भात ‘काकु’चा विचार आला आहे, मम्मटाने वक्रोक्तीचे श्लेष व काकु असे दोन आधार सांगितले आहेत. ‘मोठा शहाणा आहेस’ हे कौतुक की उपहास, याचा निर्णय स्वरच करतो.

मराठीत तर हा निर्णय शब्दापासूनच सुरू होतो. ‘जरा’मधील ‘ज’ दंततालव्य उच्चारला तर अर्थ ‘थोडे’, तालव्य उच्चारला तर ‘वार्धक्य’. ‘त्याने फळ खाल्ले’ यातील क्रियापद संवादात ‘खाल्लं’ होते. ‘त्याने पेढे खाल्ले’ यातील मात्र तसेच राहते. लेखी रूप एकच असले, तरी वाचणाऱ्याला कर्माचे लिंगवचन पाहावे लागते आणि बोलतो आहे तो निवेदक की पात्र, हेही ओळखावे लागते. पठण हे या अर्थाने अर्थनिर्णयनच आहे.

यंत्र उद्या हे सारे अधिक अचूकपणे करील, असे म्हणता येईल. परंतु अचूकतेने उत्तरदायित्वाचा प्रश्न सुटत नाही. स्वयंप्रकाशित पुस्तकाला पुष्कळदा संपादक नसतो. आता निवेदकही नसेल, तर ते पुस्तक प्रथम ऐकणारा माणूस म्हणजे ते विकत घेणारा श्रोता ठरेल. म्हणून आवाज यंत्राचा आहे हे लेखकाने स्पष्टपणे नमूद करावे आणि संपूर्ण ध्वनिमुद्रण प्रकाशनापूर्वी स्वतः ऐकून दुरुस्त करावे. हे ज्याला शक्य नसेल, त्याने आपल्या अशिक्षित आवाजात वाचलेले अधिक बरे.

मराठी विभागांनी मुद्रितशोधन शिकविले. आता श्रवणशोधनही शिकविले पाहिजे.