इयरफोन स्वस्त असावा, खोटा नसावा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण हा सारा पट्टा पाळ्यांवर चालतो. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार, रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसणारा शिंपी, जरीकाम करणारा कारागीर, गाळ्यात एकटा बसलेला दुकानदार, या सर्वांच्या कानात आज इयरफोन दिसतो. कोणी तिलावत ऐकतो, कोणी बयान, कोणी नात किंवा कव्वाली, कोणी जुनी गाणी. ऐकणे ही आता चैन राहिलेली नसून कष्टातली सोबत झाली आहे. म्हणून व्यापाराच्या पानावर या लहानशा वस्तूचा विचार करणे गैर ठरू नये.

सोनी कंपनीने १९७९ साली वॉकमन बाजारात आणला. पुढे कॅसेट गेली, एमपी३ प्लेअर आले. ॲपलचा आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ साली बंदही झाला. बहुतेकांचा प्लेअर आता मोबाईलच आहे. तरीही मेमरी कार्डावर चालणारे छोटे प्लेअर आपल्या लोकांत टिकून आहेत, याला कारणे आहेत. काही कारखान्यांत कॅमेऱ्याचा मोबाईल आत नेऊ देत नाहीत. हिफ्ज करणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल नको, पण कारीसाहेबांची तिलावत पुन्हा पुन्हा ऐकायला यंत्र हवे, असे पालकांना वाटते. कारागिराला दिवसभर मोबाईलची बॅटरी संपवणे परवडत नाही.

हा प्लेअर घेताना आपण चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो. इयरफोन मात्र गल्ल्याजवळ टांगलेल्या माळेतून ओढून घेतो. महिन्या-दोन महिन्यांत एका कानाचा आवाज जातो, मग दुसरा घेतो. शंभर रुपयांचा इयरफोन दर दोन महिन्यांनी घेतला तर दोन वर्षांत बाराशे रुपये होतात. नामांकित कंपन्यांचे वायरचे साधे इयरफोन पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु स्वस्त माल वेगळा आणि खोटा माल वेगळा. हा फरक गिऱ्हाइकाने ओळखला पाहिजे आणि दुकानदाराने तो आपण होऊन सांगितला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खळ आणि वीण

मी कापडाचा व्यापारी. भरपूर खळ दिलेले कापड दुकानात भारदस्त लागते आणि पहिल्याच धुण्यात त्याचे फडके होते. जाणकार माणूस ताका हातात घेतला की खळ बाजूला ठेवून वीण पाहतो. इयरफोनच्या बाजारात ‘बास’ ही अशीच खळ आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एक्स्ट्रा बास’ छापलेले असते. दुकानात ढोलकीचा ठोका कानात घुमला की गिऱ्हाईक खूष होते. पण ज्याला तिलावत, बयान किंवा गझल ऐकायची आहे त्याला माणसाचा आवाज स्वच्छ हवा. स, श, फ, थ ही अक्षरे आवाजाच्या वरच्या पट्टीत असतात. बास जास्त झाला की ती दबतात. शब्द कळत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि कानाला इजा करून घेतो.

खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असेही लिहिलेले असते. हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो, त्यावरून बऱ्या-वाईटाचा काही पत्ता लागत नाही. त्यापेक्षा दोन आकडे पाहावेत. ओहम हा आकडा १६ ते ३२ च्या दरम्यान असावा. सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबलच्या आसपास असावी. लहान प्लेअरची ताकद कमी असते, तिला असा इयरफोन सहज झेपतो.

खरी परीक्षा मात्र कानानेच होते. आपला प्लेअर दुकानात घेऊन जावे आणि रोज ऐकतो तेच लावावे. आवाज कमी ठेवून शब्द नीट कळतात का, दोन्ही कानांत सारखा आवाज येतो का, हे पाहावे. पिनेजवळ वायर हलकेच वाकवून खरखर येते का ते ऐकावे, कारण वायर बहुधा तिथेच तुटते. काटकोनात वळलेली पिन खिशात जास्त टिकते. कानात बसणाऱ्या रबरी टोप्या तीन मापांच्या मिळाव्यात. टोपी नीट बसली तर बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आवाज वाढवावा लागत नाही.

पिनेचीही गंमत आहे. साध्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, माईक असलेल्या मोबाईलच्या पिनेवर तीन. काही जुन्या प्लेअरमध्ये तीन रेघांची पिन घातली की वाद्ये ऐकू येतात आणि गाणाऱ्याचा आवाज नाहीसा होतो. गिऱ्हाईक इयरफोनला दोष देते, दुकानदार गिऱ्हाइकाला. दोष दोघांचाही नसतो, पिनेचा आणि खाचेचा मेळ बसत नाही एवढेच. अशा प्लेअरला दोन रेघांची पिन घ्यावी. टाईप-सी पिनेचा इयरफोन जुन्या गोल खाचेत बसतच नाही, हेही घेण्यापूर्वी पाहावे.

बिनवायरीचे इयरफोन दिसायला सुरेख असतात. पण प्लेअरमध्ये ब्लूटूथ आहे का, हे आधी विचारावे. प्लेअरवर एफएम रेडिओ ऐकायचा असेल तर बहुतेक ठिकाणी वायरच ॲन्टेनाचे काम करते. शिवाय त्यातली इवलीशी बॅटरी काही वर्षांत दमते आणि स्वस्त मालात ती बदलण्याची सोय नसते. बसच्या गर्दीत एक बोंड पडले की जोडी मोडली. वायरच्या इयरफोनची पिन मात्र कारागीर थोड्या पैशांत डाग देऊन बदलून देतो. कष्टकरी माणसाला वायरचाच इयरफोन सोयीचा, असे मी म्हणेन.

खोका वाचावा, पावती घ्यावी

बंद खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, आयात मालावर देशाचे नाव आणि तक्रारीसाठी संपर्क, हे सर्व छापणे कायद्याने बंधनकारक आहे. बिनवायरीच्या इयरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणीही सक्तीची आहे. मानक चिन्हाजवळ इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घालून खरे-खोटे पाहता येते. वॉरंटी लिहिलेली असते, पण पावतीशिवाय तिचा उपयोग नाही. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि पुण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही.

‘फर्स्ट कॉपी’ हे हुनराचे नाव नव्हे

आता दुकानदार बांधवांशी दोन शब्द. मोबाईल ॲक्सेसरीजच्या धंद्यात आपली मुले मोठ्या संख्येने आली आहेत. थोड्या भांडवलावर उभा राहणारा हा धंदा आहे, मेहनतीचा आहे, त्याचा आनंदच आहे. पण नामांकित कंपनीचे नाव छापलेला नकली माल ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकणे, आणि समोरचा भोळा असेल तर अस्सल म्हणून विकणे, हा रिवाज पडत चालला आहे. ‘सगळेच विकतात’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणे हाच नव्हे, तर विकण्यासाठी बाळगणे हादेखील गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, मालाबद्दल शंका घेण्यास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला याची पूर्ण माहिती विचारताच दिली, हे सिद्ध करणाऱ्याला या कलमात बचाव आहे. ज्याच्याकडे खरेदीचे बिल नाही तो ही माहिती कशाच्या आधारे देणार? घाऊक बाजारातून बिलाशिवाय चार रुपये स्वस्त माल आणणारा स्वतःचा बचाव तिथेच सोडून येतो.

कायद्याच्या आधी दीनचा हुकूम आहे. मदीनेच्या बाजारात हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आतून ओला लागला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ढीग धान्याचा असो की इयरफोनच्या खोक्यांचा, मालातला ऐब गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे.

म्हणून दुकानदाराने दोन कप्पे करावेत. एका कप्प्यात नामांकित कंपनीचा अस्सल माल, बिल आणि वॉरंटीसह. दुसऱ्यात कमी किमतीचा साधा माल, ज्यावर दुसऱ्याचे नाव नाही. ‘हा शंभराचा आहे, वॉरंटी नाही, एवढाच चालेल’ असे तोंडाने सांगून तो विकावा. तो विकण्यात गैर काही नाही. नवा माल लावून ऐकवायला एक जुना प्लेअर दुकानात ठेवावा. आज चाकणच्या कंपनीत लागलेला परगावचा मुलगा उद्या आपल्या खोलीतल्या चार मुलांना घेऊन येतो, तो याच विश्वासाने.

कानाला वॉरंटी नाही

या पट्ट्यातल्या कामगाराला आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करावा लागतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. प्रेसशॉप, ग्राइंडिंग, फोर्जिंगच्या शेडमध्ये गोंगाटच इतका असतो. त्यावर मात करायला इयरफोनचा आवाज चढवला म्हणजे कानावर दुहेरी मार बसतो. आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, आणि बहिरेपण येत आहे हे त्याला उशिरा समजते.

इयरफोन हा कंपनीने दिलेल्या इयरप्लगचा पर्याय नाही. मशीनवर असताना तो कानात नसावा. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगांमधून मोटारसायकल चालवताना तर मुळीच नसावा. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. बसमध्ये, घरी, विश्रांतीच्या वेळी जरूर ऐकावे, आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवावा आणि मधून मधून कानाला विसावा द्यावा.

गिऱ्हाइकाने पावती मागावी, दुकानदाराने न मागता द्यावी. या लहान व्यवहारात दयानत सांभाळली तर मोठ्या व्यवहारातही ती सांभाळली जाईल. अल्लाह तआला आपल्या कारोबारात बरकत देवो आणि आपले कान शाबूत ठेवो. आमीन.