मृत्युपत्र ही काय शेटजींचीच मिरास?

डिसेंबर 2025 मध्यें संसदेनें जुनेपुराणे कायदे रद्द करणारा एक कायदा पसार केला. त्यांत 1925 सालच्या भारतीय वारसा कायद्याचें 213 वें कलम गेलें. दिसावयास गोष्ट क्षुल्लक. परंतु घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरीवली या भागांत हयातभर राबून ज्यांनीं एखादी खोली किंवा ब्लॉक घेतला, अशा आमच्या बहुजन समाजांतील कुटुंबांशीं तिचा निकट संबंध आहे. म्हणून चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हें कलम काय म्हणत होतें? मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील हायकोर्टांच्या मूळ हद्दींत केलेलें, किंवा त्या हद्दींतील घरजमिनीसंबंधीं केलेलें हिंदूचें मृत्युपत्र असेल, तर आधीं त्याचें प्रोबेट घ्या, म्हणजे तें खरें असल्याबद्दल कोर्टाचा शिक्का आणा. त्यावांचून त्या कागदावरून कोर्टांत हक्क शाबीत करतां येणार नाहीं. याचें मूळ 1870 च्या हिंदु विल्स ॲक्टांत आहे. पुढें 1957 सालीं मुलुंड व बोरीवली बृहन्मुंबईंत आलीं, आणि कोटांतल्या पेढीवाल्यांसाठीं इंग्रजांनीं घातलेला नियम गिरणींत खपणाऱ्याच्या खोलीच्याही मानेवर बसला. मौज अशी कीं, नाक्याच्या अलीकडे मुलुंडला खोली असली तर प्रोबेट हवें. नाका ओलांडून ठाण्यांत खोली असली व मृत्युपत्रही तेथेंच केलेलें असलें तर नको! ख्रिस्ती बांधवांस 2002 सालीं या सक्तींतून मोकळें केलें. हिंदु, बौद्ध, शीख, जैन व पारशी मात्र तसेच अडकून राहिले.

प्रोबेट म्हणजे फोर्टांतल्या हायकोर्टांत अर्ज, वकिलाची फी, सर्व वारसांस नोटिसा, आणि मालमत्तेच्या किमतीप्रमाणें 75 हजार रुपयांपर्यंत चढणारी कोर्ट फी. एखाद्या भावानें हरकत घेतली कीं अर्जाचा दावा होतो, आणि दाव्याचें वय कोणीं मोजावें? आतां ही सक्ती गेली. ज्याचें मृत्युपत्र वादांत सांपडेल त्यास कोर्टाची पायरी आजही चढावी लागेल, हें खरें. पण निर्वेध घरांत नुसत्या भीतीपोटीं होणारा खर्च टळेल. तेव्हां "प्रोबेटाशिवाय कायद्यानें गत्यंतरच नाहीं" असें सांगून कोणी पैसे मागूं लागला, तर त्यास कोणतें कलम तें आधीं विचारावें.

तथापि आमचे लोक मृत्युपत्र करीत नव्हते तें कोर्ट फीच्या भयानें, असें म्हणणें म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. ठाण्यांत फी नव्हती. तेथें तरी किती जणांनीं केलीं? खरें कारण निराळें. मृत्युपत्र लिहिलें कीं यमाला आमंत्रण गेलें, ही समजूत आमच्या हाडींमासीं खिळली आहे. दहाव्या-तेराव्याला कर्ज काढून पंगती उठवूं, पिंडाला कावळा शिवेना म्हणून तासभर उन्हांत उभे राहूं. पण जिवंतपणीं एक ताव कागद लिहिणार नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, हें काम इस्टेटवाल्या शेटजींचें. शेटजींनीं तें केलेंच. मालाडच्या बाजूच्या जमिनींचे मालक एफ. ई. दिनशा 1936 सालीं वारले, आणि त्यांच्या नांवाचा न्यास त्यानंतरही कित्येक दशकें त्या जमिनी संभाळून राहिला. धनवान मेला तरी त्याचा कागद जिवंत राहतो. आमच्या माणसाचें सगळें त्याच्या बोलण्यांत असतें, आणि बोलणें त्याच्याबरोबर जळतें.

आम्ही पडलों शाळामास्तर. हिशेब मांडून दाखवितों. एका हिंदु गृहस्थानें स्वकमाईनें घाटकोपरास खोली घेतली. मागें आई, बायको, दोन मुलगे व एक मुलगी ठेवून तो मृत्युपत्राविना वारला. 1956 च्या वारसा कायद्यानें खोलीचे पांच सारखे वांटे झाले. ज्या बाईनें चार घरचीं भांडीं घासून त्या खोलीचे हप्ते फेडले, तिच्या पदरीं पांचांतला एक! उद्यां एक मुलगा म्हणाला, "माझा वांटा मोकळा करा," तर म्हातारपणीं तिनें जावें कोठें? हाच गृहस्थ जिवंतपणीं लिहून ठेवता कीं खोली बायकोची, किंवा तिच्या हयातींत तिची व मागाहून मुलांची सारखी, तर हा प्रसंग येता ना. स्वकमाईचें सर्व मृत्युपत्रानें देतां येतें. वडिलोपार्जितांत आपल्या हिश्शापुरतें. भाड्याच्या चाळींतील खोलीचा हक्क मात्र मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. तेथें मरणसमयीं जवळ राहणारा कुटुंबांतला माणूस कोण, हें पाहिलें जातें.

"पण सोसायटींत मुलाचें नांव नॉमिनी म्हणून दिलें आहे ना!" असें उत्तर आम्हांस हमखास मिळतें. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खऱ्या वारसांसाठीं वस्तु तात्पुरती हातीं धरणारा विश्वस्त. कालनिर्णयकार जयंतराव साळगांवकरांचेंच उदाहरण घ्या. साऱ्या महाराष्ट्राला तिथिवार सांगणाऱ्या या गृहस्थांनीं 2011 सालीं मृत्युपत्र केलें होतें. 2013 सालीं ते वारले. तरी त्यांच्या गुंतवणुकींवर नॉमिनीचा हक्क कीं वारसांचा, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि 14 डिसेंबर 2023 रोजीं कोर्टानें निकाल दिला कीं, नॉमिनी मालक होत नाहीं. एवढ्या जाणत्या घरीं हें झालें. मग ज्यानें मृत्युपत्रच केलें नाहीं त्याच्या घरीं काय होईल?

मुंबईहून गांवीं कागद येतात, आणि मास्तर म्हणून ते वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे येतें. त्यांत हक्कसोडपत्रें फार. भाऊ दिवाळीला साडी घेऊन येतो आणि साडीखालीं कागद असतो. बहिणीला म्हणतो, "सोसायटीला नुसती सही पाहिजे, ताई." बापाच्या स्वकमाईंत मुलीचा वांटा मुलाइतकाच, ही गोष्ट 1956 पासूनची आहे, वडिलोपार्जितांतही महाराष्ट्रानें तो 1994 सालीं व दिल्लीनें 2005 सालीं दिला. कोणी राजीखुशीनें सोडील तर सोडो. परंतु काय सोडतों हें न कळतां सोडणें यास आम्ही दान म्हणत नाहीं. कुळकर्ण्याच्या वहीवर अंगठा देणाऱ्या आमच्या आज्यापणज्यांची गोष्ट आम्ही सभेंत तावातावानें सांगतों, आणि घरीं बहिणीपुढें तीच वही आम्हीच धरतों!

जोतीराव फुल्यांनीं 1887 सालीं मृत्युपत्र केलें. दत्तक पुत्र यशवंत यांस वारस नेमून, तो लायक न निघाल्यास पुढें काय करावें हेंही त्यांत लिहिलें. 1890 मध्यें ते वारले तेव्हां यशवंतानें टिटवें धरण्यास भाऊबंदांनीं हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनीं तें स्वतः हातीं घेतलें. भाऊबंद कोठवर जातात हें जोतीराव ओळखून होते.

करावयाचें तें अवघड नाहीं. साधा कागद चालतो, भाषा मराठी चालते, मुद्रांक लागत नाहीं. करणाऱ्यानें दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, व त्या दोघांनीं त्याच्यासमक्ष. ज्यास कांहीं मिळावयाचें आहे त्यास साक्षीला न घेणें बरें. खोलीचा नंबर, इमारत व सोसायटीचें नांव स्पष्ट असावें. अंमलबजावणी कोणीं करावी तेंही लिहावें. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाहीं, पण वृद्धानें करून ठेवावी. मन बदललें तर नवें लिहितां येतें. ज्या घरांत पांगळें किंवा मतिमंद लेकरूं आहे, तेथें त्याच्या नांवें न्यास करावा कीं काय, एवढें मात्र वकिलास विचारल्याशिवाय करूं नये.

वकील परवडत नाहीं ही सबबही पुरी खरी नाहीं. 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखालीं स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक व कारखान्यांतील कामगार यांस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकिलाची मदत मागतां येते. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठीं असें प्राधिकरण आहे. ज्या भगिनींकडे हक्कसोडपत्र सहीसाठीं आलें असेल, त्यांनीं सही करण्यापूर्वीं तेथें अर्ज द्यावा. अर्ज मराठींत चालतो.